चार नंबरचा भाडेकरू

आमच्या चाळीत चार नंबरच्या खोलीत पाणी राहायचं. गळायचं किंवा साचायचं असं म्हणत नाहीये मी. राहायचं. रीतसर भाडेकरू असल्यासारखं. तीन नंबरात करीमभाई आणि त्यांचे गाववाले, पाच नंबरात आम्ही, आणि मधे चार नंबरात पाणी. त्या खोलीला पुढची भिंत नाही, मागची भिंत नाही, मग दार कुठलं आणि खिडकी कुठली! दोन बाजूंना दोन भिंती, वर कौलं, आणि खाली मागून पुढे उतरत आलेली दगडी जमीन. पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत तिच्यातून ओहोळ वाहायचा. उरलेलं वर्ष खोली रिकामी. आणि हे सगळं मुद्दाम केलेलं! असला घरमालक तुम्ही कुठे पाहिला असेल तर सांगा मला.

त्यांचं नाव जोमा पाटील. भिवंडीच्या कामतघरात सगळे जोमाशेठ म्हणत. साठी उलटलेली, धोतर गुडघ्याच्या वर, अंगात बंडी आणि कानामागे अर्धी विडी. भोवतालच्या लोकांनी शेतं विकली, त्यांवर कापड विणायच्या लूमचे कारखाने उभे राहिले आणि रात्रंदिवस खटखट सुरू झाली. जोमाशेठनी मात्र आपलं शेत विकलं नाही. त्यावर चाळ बांधली. पण माणूस शेतकरी तो शेतकरीच. भिंतीला म्हणायचे बांध, खोलीला खाचर आणि अंगणाला खळं. "मेहता, यंदा तुमच्या खाचराची कौलं चाळून घेऊ," असं आमच्या ह्यांना सांगायचे. हे लूमच्या कारखान्यात मेहता होते, म्हणजे हिशेब लिहायचे. आमचं आडनाव वेगळंच आहे, पण भिवंडीत ते विचारतो कोण!

चाळ कशी बांधली ही गोष्ट त्यांनी मला इतक्यांदा ऐकवली होती, की मी भाजी चिरता चिरता पुढचं वाक्य आधी म्हणायची. गवंडी आला, म्हणाला, शेठ, नकाशा दाखवा. शेठ म्हणाले, नकाशा पावसाळ्यात येईल. आणि खरोखर तो अख्खा पावसाळा हे गृहस्थ छत्री घेऊन रिकाम्या शेतात खुर्ची टाकून बसले. पाणी कुठून येतं, कुठे वळतं, कुठे रेंगाळतं ते बघायचं आणि तिथे खुंट मारायचा. लोक म्हणाले, म्हातारा गेला कामातून. दिवाळीनंतर गवंड्याला बोलावून खुंट दाखवले. हा घ्या नकाशा. त्यामुळे आमची चाळ सरळ नव्हतीच. दोन नंबरला जरा वळायची, सहा नंबरला पुन्हा वळायची. पाहुण्यांना खोली सापडायची नाही.

वाऱ्याचंही तसंच. संडास कुठे बांधायचे हे विडीच्या धुरावर ठरवलेलं. शेठ जागोजाग उभे राहून झुरके मारत होते म्हणे. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी गुडघ्याएवढ्या उंचीवर होती. मी राहायला आले त्याच दिवशी भांडले.

"शेठ, ही खिडकी आहे का मांजराचं दार?"

"वारा तितूनच येतो, बाय. ठरलेलं हाय."

"आणि शेगडीचा धूर?"

"तो वरनं जाल. त्याचंबी ठरलेलं हाय."

ठरलेलं हाय! काहीही विचारा, हेच उत्तर. जणू वारा, पाणी आणि जोमाशेठ यांची कुठेतरी बैठक होऊन सगळं आधीच ठरलेलं, आणि आम्हा भाडेकरूंना फक्त कळवायचं बाकी. सगळ्यात जास्त संताप कशाचा यायचा माहितीये? धूर खरंच वरून जायचा.

चार नंबरवरून शेठला ज्याने छेडलं नाही असा माणूस चाळीत नव्हता. करीमभाई लूमच्या ड्युटीवरून येता येता म्हणायचे, "सेठ, पानी से किराया लेते हो के नहीं?"

"लेता हाय ना," शेठ आपल्या हिंदीत सांगायचे. "तुमारे खोली में नहीं घुसता, वोच किराया."

एकदा एका सूत-व्यापाऱ्याने शेठ गावाला गेलेले बघून सुताच्या कांड्यांची पोती गुपचूप चार नंबरात रचली. ऐन श्रावणात, आणि ओहोळ त्या दिवशी आटून एका कडेने वाहत होता म्हणून. दुपारी वरच्या अंगाला पाऊस कोसळला आणि पोती निघाली खाडीच्या वाटेला. मग काय विचारता! प्रत्येक झुडपाला, प्रत्येक कुंपणाला पांढरं सूत गुंडाळलेलं. म्हशींच्या शिंगांनासुद्धा. व्यापारी बोंबलत आला, तर जोमाशेठ त्याला म्हणतात कसे, "दुसऱ्याच्या घरात सामान ठेवलंत, त्यानं भाईर काढलं. त्याचा काय दोष?"

इथपर्यंत हसायला ठीक होतं. पण पुढे मलाच ती खोली हवी झाली.

माझी आई अंजूरला एकटी राहायची. वडील गेलेले, भाऊ नोकरीपायी नाशिकला. त्या वर्षी ती मोरीत घसरून पडली आणि संध्याकाळी दूध घालायला बाई येईपर्यंत तशीच पडून राहिली. तिला आणायची, पण ठेवायची कुठे? आमच्या एका खोलीत आम्ही दोघं, तीन मुलं आणि सासूबाईंचं कपाट. आणि शेजारी चांगली हवेशीर खोली पाण्यासाठी राखून ठेवलेली! मी शेठकडे गेले. गोडीने बोलले, कोलंबीचं कालवण दिलं, डोळ्यांत पाणी आणून पाहिलं. शेठनी कालवण खाल्लं, वाटी घासून परत दिली आणि म्हणाले, "चार नंबर दिलेली हाय, बाय. ठरलेलं हाय."

मी पण काही कमी नाही. शिमगा झाल्यावर सरळ आईला घेऊन आले, चार नंबरात तिची खाट टाकली, ट्रंक ठेवली, मागे-पुढे जुन्या साड्या बांधून आडोसा केला आणि पदर खोचून उभी राहिले. येऊ दे म्हाताऱ्याला!

म्हातारा आला. साडी बाजूला करून आत पाहिलं. मग आईला म्हणाला, "आक्का, च्या घेनार?" आणि जाता जाता मला, "मिरगापोत्तर राव द्या. मंग तो येल."

तो उन्हाळा मजेत गेला. भर वैशाखात आख्ख्या कामतघरात त्या खोलीसारखी गार जागा नव्हती. दुपारी चाळीतल्या साऱ्या बायका आईच्या खाटेभोवती जमायच्या. शुक्रवारी कारखान्यांची वीज बंद, त्यामुळे लूम थांबायचे, आणि त्या शांततेत खोलीतून वाहणारा वारासुद्धा ऐकू यायचा. जोमाशेठ बाहेरच्या दगडावर बसून आईशी गप्पा मारायचे. काय एवढं बोलता, विचारलं तर आई म्हणायची, "तुला काय करायचंय?"

मृग जवळ आला तशी मी बेत केला. मागच्या बाजूला भिंत घालायची, पाण्यासाठी जमिनीखालून पाइप टाकायचा. ह्यांचा विरोध मी जेवण वाढता वाढता मोडून काढला. गवंडी ठरवला, विटांची गाडी दारात उभी केली. शेठ आले आणि खोलीच्या मधोमध जमिनीवर मांडी घालून बसले.

"शेठ, पाणी अडणार नाहीये. पाइपातून जाईल," मी म्हटलं.

"पाइपातनं?" एवढे चिडलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते. "घरचं मानूस घरात पाइपातनं येतं काय गो?"

"शेठ, पाणी म्हणजे माणूस नव्हे!"

तेव्हा खाटेवरून आई म्हणाली, "विटा परत पाठव." मी काही बोलायच्या आत तिने सगळं सांगितलं, त्यांच्या समोरच.

जोमाशेठची बायको चांगुणाबाई टेमघरची. हा ओहोळ तिच्या माहेरच्या शेतांवरून खाली यायचा. सासर तालेवार, काम डोंगराएवढं. लावणीच्या दिवसांत माहेरी धाडायची रीत नाही, आणि लावणी संपली की दुसरं काहीतरी निघायचं. ती बिचारी ओहोळात पाय सोडून बसायची. पाणी गढूळ आलं की म्हणायची, आज आईकडे चिखलणी चाललीय. निवळशंख आलं की, लावणी उरकली वाटतं. पाण्यावरून घरची खबर वाचायची. शेवटच्या आजारात तिने नवऱ्याकडे मागितलं ते एवढंच. शेताचं काहीही करा, हे पाणी बुजवू नका.

मी जोमाशेठकडे पाहिलं. ते जमिनीवरच्या दगडाची फट बोटाने कोरत होते.

"टेमघर काय लांब हाय?" ते म्हणाले. "पायी गेलं तरी न्याहारीला पोचतं मानूस. मी एक दिस तिला धाडली न्हाय. ती बोलली न्हाय, आनि मी इचारलं न्हाय."

मी गाडीवाल्याला हातानेच विटा परत न्यायची खूण केली. पण आईचं काय? ते माझ्या तोंडावर दिसलं असणार. कारण शेठ उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "आक्का माझ्या घरात ऱ्हातील. मी भाईर पडवीत झोपेन. मना कुठली खोली लागते?"

"अहो, लोक काय म्हणतील!"

"लोकांचं तर ठरलेलंच हाय," जोमाशेठ म्हणाले आणि आईची ट्रंक उचलून चालायला लागले.

लोकांनी म्हणायचं ते म्हटलं आणि कंटाळून गप्प बसले. आई शेठच्या माजघरात राणीसारखी राहिली. शेठ पडवीत, भोवती नारळाच्या झापांचा आडोसा बांधून. झड आली की भिजायचे, पण आत या म्हटलं तर ऐकतील ते शेठ कसले. ओहोळ वेळेवर आला आणि आपल्या खोलीतून गेला. मी खिडकीतून बघायची, आज गढूळ की निवळ. हो, मला पण खोड लागली!

भाद्रपदात गौरींच्या दिवशी सकाळी शेठ माझ्या दारात उभे. धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी, हातात तेरड्याची फुललेली रोपं मुळांसकट. गौर पाणवठ्यावरून आणायची ती सवाष्णीने, आणि त्यांच्या घरात सवाष्ण कोणी उरली नव्हती. मुलगा ठाण्याला, सून तिकडेच गौर बसवायची. चांगुणाबाईंमागे जोमाशेठच्या घरात गौर आलीच नव्हती.

"बाय," ते म्हणाले, "टायम हाय काय तुला?"

टाइम कसला, माझ्या नैवेद्याचा पत्ता नव्हता. पण मी शेगडीवरचं भांडं उतरवलं, हिरवं लुगडं नेसले आणि चार नंबरात गेले. पाण्यात घोटाभर उभी राहून तेरड्याची मुळं धुतली, हळदकुंकू वाहिलं आणि गौर पदराखाली धरून शेठच्या घराकडे निघाले. आई विधवा म्हणून आतच थांबली होती. तेव्हा उंबऱ्यात दूधपाण्याचा तांब्या घेऊन उभे राहिले ते स्वतः जोमाशेठ. पुरुषाने हे करायचं नसतं, पण करणार कोण?

आमच्याकडे उंबऱ्यावर विचारायचं असतं, गौर आली कशाच्या पावलांनी? मग आणणारीने म्हणायचं, सोन्याच्या पावलांनी. मी उत्तर तयार ठेवून उभी. शेठनी माझ्या पायांवर पाणी घातलं. विचारायला तोंड उघडलं आणि तसेच थांबले. मग माझ्याकडे नाही, माझ्या हातातल्या तेरड्याकडे बघून, मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता अशा आवाजात म्हणाले,

"आयलीस? आई बरी हाय ना तुझी?"

डोळे भरून आले, गौर हातात, पुसू तरी कशाने!

"बरी आहे," मी म्हटलं. "लावणी उरकली. म्हणून लवकर सोडलं मला."

जोमाशेठनी मान डोलावली आणि वाट देऊन बाजूला झाले.