भिवराबाईच्या कोंबड्याचा लिलाव

"भाऊ, आमच्या ख्रिस्ती मंडळीची त्रेचाळीस मतं म्हणजे आपल्या खिशातला रुमाल! कवाबी काढा, कवाबी नाक पुसा!"

शहादेवनं हे वाक्य बद्रीनाथभाऊंच्या बंगल्यावर चारचौघांत फेकलं आणि मिशीवरून हात फिरवला. भाऊ खूश! पंचायत समितीची निवडणूक तोंडावर आलेली. भाऊंचं पॅनेल कपबशीचं, गहिनीनाथअण्णांचं छत्रीचं. आणि शहादेव कपबशीचा असा कट्टर, की पंधरा पावसाळे त्यानं डोक्यावर छत्री धरली नव्हती. वडवणीच्या बाजारातून चिंब भिजून यायचा आणि शिंकत शिंकत म्हणायचा, "निष्ठा म्हणजे निष्ठा!" बायको सुनिता टॉवेल फेकून म्हणायची, "प्रभूसाठी एवढं भिजला असतात तर आत्तापर्यंत संत झाला असतात."

"रविवारी आमचा कापणीचा सण हाय," शहादेव पुढं म्हणाला. "माणसं ऊसतोडीला जायच्या आधी उरकतो आमी. समदे शेतातलं, घरातलं काहीबाही देवाला आणतेत, मग त्याचा लिलाव. लिलाव पुकारणारा मीच! तुमी पहिली वस्तू घ्या, फोटो काढा, मतं मोजा!"

"आणि सुनितावहिनींचं तिकीट पक्कं समज," भाऊ म्हणाले.

शहादेव तरंगत घरी आला. तिकीट तर हवंच होतं, पण त्याच्या पोटात आणखी एक गोष्ट होती. सोनखडीच्या ख्रिस्ती मंडळीचं कब्रस्तान ओढ्यापलीकडं. रस्ता नाही. भाऊ दर निवडणुकीला "बघतो" म्हणत, आणि बघता बघता तीन निवडणुका गेल्या. मागच्या श्रावणात शहादेवचा बाप वारला. पेटी खांद्यावर घेऊन निघालेले सहा जण ओढ्याच्या गाळात मांडीपर्यंत रुतले. दीड तास बाप ना घरचा ना कब्रस्तानचा! शेवटी बैलं जुंपून पेटी ओढून काढावी लागली. सुनिता सभापती झाली तर पहिलं काम तेच, असं शहादेवनं मनाशी धरलं होतं.

फक्त मंडळीच्या पाळकसाहेबांचं, म्हणजे पाद्रीबुवांचं, त्याला अवघड वाटे. हा माणूस दर रविवारी भाऊंसाठी आणि अण्णांसाठी, दोघांसाठी, नावं घेऊन प्रार्थना करायचा. अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करा असं शास्त्रातच आहे म्हणे! मंदिराच्या, म्हणजे चर्चच्या, दारात उभं राहून सांगायचा, "चपला आणि पक्ष बाहेर काढून या."

रविवार उजाडला. वेदीपुढं भोपळे, दोडके, बाजरीची कणसं, मुगाच्या पाट्या, अंड्यांची टोपली असा थाट. बाकाच्या पायाला भिवराबाईचा कोंबडा बांधलेला. भिवराबाई म्हणजे मंडळीतली सगळ्यात जुनी बाई. वय तिलाही ठाऊक नाही. दात चार, पण जीभ शाबूत. कोंबडा तांबडा, तुरेबाज, आणि शहादेवपेक्षा ऐटीत.

भाऊ आले. पुढच्या बाकावर बसले. उपासना संपली, शहादेवनं हातात लाकडी मोगरी घेतली आणि तेवढ्यात दारात अण्णा! पाठीमागं छत्रीचे बिल्ले लावलेले आठ जण!

भाऊंनी शहादेवकडं असं पाहिलं, की मोगरी घामानं ओली झाली.

"यांना कुणी बोलवलं?" शहादेव पाळकांच्या कानात फुसफुसला.

"मी. ज्याच्यासाठी दर रविवारी प्रार्थना करतो, त्याला वर्षातून एकदा जेवायलासुद्धा बोलवायचं नाही?"

शहादेवनं घाईघाईनं कोंबडा उचलला. "भिवरामावशीचा कोंबडा! बोला!"

"थांब रं," भिवराबाई काठी टेकत उठली. "माझा कोंबडा पैशाला न्हाई. चार दात हायेत, पैसं काय चावू? जो वढ्यावरनं रस्ता करंल, त्याचा कोंबडा."

पाळक दचकले. "मावशी, देवाच्या घरात मतांचा सौदा नको."

"मत कोण देतंय? मी कोंबडा देतीय!"

मंडळीत हशा पिकला. पाच-सहा मोबाइल वर झाले आणि चित्रण सुरू. मोबाइल दिसला की पुढाऱ्याच्या अंगात येतं. भाऊ उठले. "दोन टिपर मुरूम!"

"चार टिपर!" अण्णा.

"सहा!"

"आठ!"

"दहा टिपर आणि वर रोलर!"

अण्णा जरा थांबले. शहादेवनं संधी साधली. "एक वार, दोन वार, तीन वार!" मोगरी बाकावर आदळली. कपबशी जिंकली! भाऊंनी कोंबडा डोक्यावर धरला, मोबाइलकडं तोंड केलं आणि भारावून म्हणाले, "हा कोंबडा मी देवाच्या चरणी परत अर्पण करतो!"

शहादेवनं कपाळावर हात मारला. भाऊंना ही रीत सांगायची राहूनच गेलती! या सणात घेतलेली वस्तू कुणी देवाला परत केली की बोली कायम राहते, आणि वस्तूचा लिलाव पुन्हा नव्यानं होतो.

"पुन्हा लिलाव!" मंडळी एका सुरात ओरडली.

"आता कसला पुन्हा?" भाऊ गोंधळले.

"मुरमावर काय लावता बोला!" भिवराबाई.

अण्णा तयारच होते. "ओढ्यात सिमेंटचे नळे! चार!"

आता भाऊ माघार घेतील कसे? सहा नळे! आठ नळे! अण्णांनी दहा नळ्यांवर कोंबडा जिंकला. आणि भाऊंनी एवढ्या टाळ्या घेतलेल्या असताना अण्णा काय कोंबडा घरी नेणार? "मीसुद्धा देवाला परत अर्पण करतो!"

"पुन्हा लिलाव!!"

तिसऱ्या फेरीला कब्रस्तानची भिंत आली. मंदिरात असा गलका, की बाहेरची हिंदू आळीही खिडक्यांना लटकली. अण्णांना एकदम शंका आली. "शहादेव, तू भाऊंचा माणूस. मोगरी त्यांच्याच बाजूला पडणार का काय?"

"न्हाई अण्णा! हितं मी कुणाचा न्हाई."

"खरं का रं?" भिवराबाईनं काठी रोखली. "तू कपबशीवाला न्हाईस?"

"न्हाई मावशी, मोगरी हातात हाय तवर न्हाई!"

बोली भिंतीवरून फाटकावर आली. अण्णांनी लोखंडी फाटक लावलं. भाऊ घामाघूम. त्यांनी शहादेवची बाही ओढली. "अरे, आवर आता! माझी साधी भिंत धर आणि तीन वार म्हण. तू आपला माणूस ना?"

शहादेवनं मोगरी उचलली. एका बाजूला सुनिताचं तिकीट. दुसऱ्या बाजूला गाळात रुतलेली बापाची पेटी. आणि बैलांच्या मागं छाती पिटत चाललेली आई.

"न्हाई भाऊ," तो म्हणाला. "बोली अजून चालू हाय."

आणि कोंबडा आरवला! मान ताणून, तुरा हलवून, "कुकूच कू!"

सगळी मंडळी शहादेवकडं बघायला लागली. भाऊ-अण्णांना काही कळेना. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायचं तर, प्रभूला धरून नेलं तेव्हा त्याचा शिष्य पेत्र यानं "मी त्याला ओळखत नाही" असं तीनदा म्हटलं आणि कोंबडा आरवला. ख्रिस्ती माणसाला तो कोंबडा स्वतःच्या खुराड्यातल्यापेक्षा जास्त ओळखीचा!

शहादेव पांढराफटक. तीन नकार, बरोबर तीन! डोळ्यांतून पाणी आलं. मोगरी हातातून सुटली.

"कावून रडतो रे?" भिवराबाई कडाडली. "पेत्रानं प्रभूला नाकारलं म्हणून रडला तो. तू कुणाला नाकारलंस? भाऊला! त्यात काय रडायचं? उचल मोगरी!"

असा हशा उठला, की पत्रे हलले! पाळकसाहेब बायबलमागं तोंड लपवून गदगदून हसत होते. अण्णासुद्धा हसले. आणि शहादेव? पंधरा वर्षांचं ओझं कुणीतरी डोक्यावरून उतरवल्यासारखा तो ताठ झाला. मोगरी उचलली आणि गरजला, "फाटकावर कोण जातंय? बोला!"

भाऊ गेले! रागानं लाल होऊन का होईना, पण गेले. फाटकावर हातपंप, हातपंपावर सौरदिवे. शेवटी दोघांचाही घसा बसला आणि पाळकसाहेबांनी कोंबडा मंदिराचाच, असा निकाल दिला. मंडळी उभं राहून गायला लागली. सुनिता सगळ्यात वरच्या पट्टीत.

मग काय! तो व्हिडिओ दुपारपर्यंत दिंद्रुडला पोचला, संध्याकाळी उमापूरला. आचारसंहिता गुरुवारी लागणार अशी बातमी. सोमवारी पहाटे भाऊंचा जेसीबी गावाकडून आला आणि अण्णांचा कब्रस्तानाकडून. दोघं एकमेकांकडं न बघता कामाला लागले. बुधवारी दुपारी ओढ्याच्या मधोमध दोन्ही जेसीबींच्या सोंडा एकमेकींना टेकल्या. तीन निवडणुकांत न झालेला रस्ता तीन दिवसांत झाला!

तिकीट पुढच्या आठवड्यात भाऊंच्या मेहुणीला गेलं. शहादेवनं सुनिताला बातमी सांगितली तेव्हा ती रस्त्यावर उभी होती, सासऱ्याच्या कबरीवर ठेवायला झेंडूची फुलं घेऊन, कोरड्या पायांनी. "जाऊ द्या हो," ती म्हणाली. "सभापती झाले असते तरी हेच करायचं होतं ना?"

त्याआधी, बुधवारी संध्याकाळी, उद्घाटनाला दोघेही पुढारी हजर होते. फीत कुणी कापायची यावरून अर्धा तास वाद. पाळकसाहेबांनी दोघांच्या हातात एकच कात्री दिली. फीत कापली, टाळ्या झाल्या, फोटो झाले. मग भाऊ उत्साहाच्या भरात बोलून गेले, "चला! आता या रस्त्यानं पहिला मान कुणाचा?"

कब्रस्तानचा रस्ता! कुणीच पाऊल उचलेना. आणि हळूहळू, कुणी काही न बोलता, सगळ्या मंडळीचे डोळे भिवराबाईकडं वळले.

"माझ्याकडं कावून बघता रे मुडद्यांनो?" म्हातारीनं काठी आपटली. "मला अजून मत द्यायचंय! आन् ते कुणाला, हे कळंस्तोवर ह्या दोघांनी माझी तब्येत सांभाळायचीय!"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या दारात दोन गाड्या उभ्या होत्या. दोन्हींत एकेक डॉक्टर.