साहेब डावे निघाले

शिरूर कासारच्या ज्युनिअर कॉलेजात अजिनाथ सर नऊ वर्षं तासिका तत्त्वावर राज्यशास्त्र शिकवत होते. कायम होण्याच्या कागदावर संस्थाचालक विजयसिंह साहेबांची सही तेवढी राहिली होती. साहेब गॅदरिंगला येणार म्हटल्यावर सरांनी डोकं लढवलं, आणि तिथंच घोळ झाला.

मैदानावर त्यांनी फक्कीनं मोठी फुली काढली आणि चार टोकांना पाट्या रोवल्या. भाव सरकारनं ठरवावा म्हणणारे 'डावे', बाजारावर सोडावा म्हणणारे 'उजवे'. स्टेजच्या बाजूला 'वर: हुकूम', मुतारीच्या बाजूला 'खाली: मोकळीक'. सर प्रश्न विचारणार, माणसानं उत्तराप्रमाणे पावलं टाकायची. जिथं थांबेल तो त्याचा विचार.

साहेब हौसेनं मधोमध उभे राहिले. शेजारी छबुबाई आली. निम्मं वर्ष ऊसतोडीला जाणारी ही बाई बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरून पंचेचाळिसाव्या वर्षी बारावीला बसली होती. गावी असली की सरांचा एकही तास चुकवत नसे.

"उसाला भाव सरकारनं बांधून द्यावा का?"

"द्यायलाच पायजे. खतबी फुकट द्यावं," म्हणत साहेब ढांगा टाकत डावीकडे गेले.

छबुबाई उजवीकडे सरकली. "आमच्या कोयत्याचा भाव आमी ठरवू. सरकार कशाला मधी?"

"वरच्याचा हुकूम पाळावा का?"

"माझ्या वर कोण हाय?" साहेब हसत खाली निघाले.

"मुकादमाचं न्हाई ऐकलं तर फडावर कोण ठिवील?" छबुबाई वर सरकली.

साहेब थेट मुतारीपाशी पोचले. त्यांचा कार्यकर्ता राधाकिशन सरांच्या कानाशी लागला.

"सर, आसं कावून केलं? सायेब खाली, आन त्येबी डाव्या अंगाला? आमच्यात डावं म्हंजे हलकं. सही पायजे ना?"

"अहो, डावं म्हणजे वाईट नव्हे. फ्रान्सच्या सभागृहात डावीकडे बसणारे..."

"फ्रान्स शिरूर तालुक्यात हाय का?"

साहेबांना जागचं हलवायची कुणाची छाती नव्हती. मग सरांनी स्वतःच्या हातानं पाट्या उपटल्या आणि समोरासमोरच्या अदलाबदल करून रोवल्या. मुतारी वर आली, स्टेज खाली गेलं, डावं ते उजवं झालं. टाळ्या पडल्या. साहेबांनी खुशीत राधाकिशनच्या पाठीवर कागद ठेवून सही ठोकली.

माणसं पांगली. छबुबाई मात्र वही घेऊन तिथंच उभी होती.

"सर, मी जागची हाल्ले बी न्हाई, मग खाली कशी गेले?"

सरांना मान वर करवेना. खिशातला कागद टोचू लागला. "पाट्यांचं जरा... चुकलं माझं."

"मग परीक्षेत कोणतं लिवू?"

"पुस्तकातलंच लिहा. तेच बरोबर आहे."

छबुबाईनं वही उघडली. वर्षभराच्या टिपणांतला डाव्या-उजव्याचा अख्खा धडा तिनं काट मारून खोडला होता.

"तुमी पाट्या बदलल्या, तवा खोडलं," ती म्हणाली. "म्हणलं, सर हायेत. माझंच ऐकताना चुकलं आसंल."