यजमानाला नेता येत नाही

कायद्याचं राज्य टिकवायचं तर कायद्यालाही अधूनमधून जेवावं लागतं. आमच्या सर्बियाच्या न्यायव्यवस्थेने हे तत्त्व केव्हाच ओळखलं आहे, आणि श्री. तिहोमिर परुनोविच यांच्या प्रत्यार्पणात ते पोटभर अमलात आणलं. मी त्या प्रकरणात कोर्टाचा दुभाषा होतो, तेव्हा अधिकारवाणीने बोलतोय. (पुरावा म्हणून माझा शर्ट आहे. चरबीचा डाग अजून गेलेला नाही.)

तिहोमिर यांनी व्हिएन्नात राबणाऱ्या आपल्याच लोकांना आपल्याच गावातले फ्लॅट विकले. इमारत सोडली तर व्यवहारात काही कमी नव्हतं. नकाशे होते, चाव्यासुद्धा वाटल्या होत्या. ऑस्ट्रियाने त्यांना मागितलं, आमच्या कोर्टाने 'न्या' म्हटलं, आणि तोवर त्यांना पायात इलेक्ट्रॉनिक कडं घालून घरातच डांबलं. मुदतीचे सगळे दिवस शिक्के मारण्यात गेले आणि शेवटचा उरला. त्या दिवशी ते विमानात बसले नाहीत तर आदेश रद्द. आणि नेमका त्याच दिवशी परुनोविच घराण्याच्या संताचा सण, म्हणजे स्लावा आला.

स्लावाला आमंत्रण नसतं. दार उघडं असतं, येईल तो पाहुणा. यजमान दिवसभर टेकत नाही. वाढतो, ओततो, संपलं की आणायला आत जातो. त्याला 'कुठे चाललास' असं विचारणं म्हणजे त्याच्या घरात काहीतरी कमी पडलं असं चारचौघांत जाहीर करणं.

सकाळी हवालदार वुकाशिन व्हिएन्नाच्या पोलिसांतल्या लिंडनर साहेबांना आणि दुभाषा म्हणून मला घेऊन, बेड्यांसह, दारात हजर झाले. तिहोमिर यांनी तिघांच्याही गालांचे तीन-तीन पापे घेतले.

"आलात? बरं झालं! त्या बेड्या तिकडे कोटांपाशी ठेवा. आधी शिजवलेल्या गव्हाचा चमचा तोंडात घाला बघू."

"पण विमान..." लिंडनर साहेब म्हणाले.

"त्यांना सांग," वुकाशिन माझ्या कानाशी लागला, "घरात पाहुणे असताना यजमानाला उचललं तर माझी आई मला उंबरा ओलांडू द्यायची नाही. पाहुणे गेले की लगेच नेऊ."

अट वाजवी होती. साहेबांनी ती मान्य करून बैठक मारली. (पाहुणे जाण्याची वाट बघत बसलेला माणूसही पाहुणाच असतो, हे नंतर चौकशी समितीच्या ध्यानात आलं.)

प्रार्थनेत कडं पीप-पीप करू लागलं. पाद्रीबाबांनी भुवई उंचावली. वुकाशिनने खाली वाकून कुलूप उघडलं आणि कडं अदबीने मेणबत्तीशेजारी ठेवलं. तिथून ते 'कैदी घरात आहे' असं मुख्यालयाला इमानेइतबारे कळवत राहिलं. आजकाल माणसांत असं इमान सापडत नाही.

सूप संपत आलं तेव्हा मिलुंका आली. व्हिएन्नाच्या इस्पितळात तिने जन्मभर फरशा पुसल्या आणि पाचव्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला. त्या जागी मका उभा आहे. सध्या ती भावजयीच्या स्वयंपाकघरात झोपते. याला नेताना डोळ्यांनी बघायचं म्हणून आली होती, तरी हातात वाइनची बाटली होती. स्लावाला रिकाम्या हाताने कोण जातं?

"कुठेय तो?"

"येईल की," टेबलावरून कुणीतरी म्हणालं. "आंबवलेला कोबी आणायला तळघरात गेलाय."

"तळघराला मागचं दार आहे ना?"

सगळ्यांचे चमचे थांबले. तिहोमिर यांच्या बायकोचा, झागोर्काचा, चेहरा लालबुंद झाला. "काय गं मिलुंका, व्हिएन्नात हेच शिकलीस? यजमानाच्या मागे त्याच्याच घरात माणसं सोडायची?"

"वुकाशिन, मेल्या, तू तरी ऊठ! माझं घर पळून चाललंय!"

"मावशी, तोंडात घास आहे," वुकाशिन म्हणाला. "आणि चांगला गड्डा निवडायला वेळ लागतो. उगाच तमाशा नको."

लिंडनर साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. देशाच्या अब्रूचा प्रश्न होता. "कोबीची चौकशी करतायत," मी सांगितलं. साहेबांनी कौतुकाने पेला उंचावला.

मग कोबीच्या पानांत गुंडाळलेला खिमा आला. मग अख्खं भाजलेलं डुकराचं पिल्लू आलं. त्याची कातडी अशी कुरकुरीत होती की पाद्रीबाबा दुसऱ्या घरी जायचं विसरले. पेले रिकामे ठेवता येत नाहीत, म्हणून वुकाशिनने खांद्यावर टॉवेल टाकला आणि ओतायला घेतलं. अंधार पडेपर्यंत तो दारात नव्या पाहुण्यांचे पापे घेत होता आणि लिंडनर साहेब पिल्लू कापत होते. "बिचारा तिहोमिर," कुणीतरी म्हणालं, "आमच्यासाठी दिवसभर टेकला नाही." आम्ही त्याच्या नावाने पेले उंचावले.

समितीचा अहवाल संतुलित आहे. शंभर टक्के साक्षीदारांच्या मते तिहोमिर 'आत्ता तर इथेच होते'. संशयित फरार झाला असं म्हणता येत नाही. यजमानाचं कर्तव्य बजावताना तो प्रदीर्घ काळ आत गेला आहे. जेवणाबद्दल तक्रार नाही. कोबी अद्याप आलेला नाही. मुदत मात्र संपली, आदेश रद्द झाला, आणि लिंडनर साहेब पुढच्या वर्षी सहकुटुंब येणार आहेत.

तुम्ही आम्हाला हसत असाल. खुशाल हसा. पण मिलुंका बाटली घेऊन दारातच उभी होती. तिला 'बस' म्हणायचं आमच्याकडून राहिलं, आणि ती केव्हा निघून गेली ते आम्ही पाहिलं नाही, कारण तेवढ्यात पिल्लू आलं. तुमच्या पुढ्यात तर ताटही नव्हतं. तुम्ही पाहिलंत?