राघोकाकांचं दुसरं मरण

“मग मारानं कोणाले?” धुडकूने विचारलं.

धुरपदाबाई परातीत रवा भिजवत होती. तिचा हात थांबला. “जित्ता माणूस नको,” ती म्हणाली. “पाप लागस.”

सुरतेत, पांडेसऱ्यातल्या त्यांच्या खोलीत हे बोलणं अगदी हळू आवाजात चाललं होतं. धुडकू रंगाईच्या मिलमध्ये होता. तिथे सुट्टी दोनच कारणांनी मिळे: माणूस स्वतः मेला तर, किंवा त्याच्या घरचं कोणी मेलं तर. पहिलं कारण सांगायला स्वतः जाता येत नाही, म्हणून सगळे दुसरंच वापरत. मिलमधल्या एकाच्या आजीला तर दर दिवाळीला मरावं लागे.

रविवार हक्काचा होता. शनिवार हवा होता. कारण धुरपदाबाईच्या छातीत, डाव्या अंगाला गाठ निघाली होती आणि मंगळवारी ऑपरेशन होतं. “आधी गाठ काढू, तपासायला पाठवू, मग बोलू,” एवढंच डॉक्टरीण म्हणाली होती. त्या ‘मग’बद्दल दोघांनीही तिला काही विचारलं नव्हतं. पलीकडच्या गल्लीत राहणाऱ्या मुलाला, चेतनला, आणि सून योगिताला सोमवारी सांगायचं ठरलं होतं. एकदा सांगितलं की चाळीला कळणार. मग सफरचंदं येणार, उतरलेले चेहरे येणार आणि कोणाच्या तरी आतेबहिणीला असंच झालं होतं नि ती कशी गेली, हेही येणार.

“माले फक्त दोन दिस पाह्यजेत,” धुरपदाबाई म्हणाली होती. “कोणी मना तोंडकडे देखाले नको. समिंदर देखसूत, भजी खासूत, झोपसूत.”

समुद्र तिने पाहिला नव्हता असं नाही. डुमसला जाणं होई, पण टेम्पो भरून. सगळी वाळूत खेळत आणि धुरपदाबाई चपला राखत बसे. लग्न होऊन सुरतेला आली तेव्हा पांडेसऱ्याच्या नाल्याचं पाणी रोज वेगळ्या रंगाचं वाहायचं आणि धुडकूचे तळहातही. सकाळी तो पाळीवरून आला की त्याचे हात बघून तिला कळायचं, यंदा बाजारात राणी रंग चाललाय की मोरपंखी. तो घरी यायचा तेव्हा ती शेजारी धागे कापायच्या कामाला निघालेली असायची. दोघांचा संसार असा उंबऱ्यावर झाला. आता नातवंडं झालेली माणसं ‘आम्ही दोघंच समुद्रावर राहायला जातो’ म्हणाली असती, तर चाळ आधी हसून लोळली असती आणि मग तिने टेम्पो सांगितला असता.

“राघोकाका,” धुडकू एकदम म्हणाला.

राघो त्याचा चुलता. नंदुरबारच्या पलीकडच्या गावी बिनलग्नाचा राहिला आणि चेतन पाळण्यात असतानाच वारला. सुरतेत कोणाला त्याचं जगणंही ठाऊक नव्हतं, मग मरण कुठून असणार?

“एकडाव मरेल शे. त्याले आते काय फरक पडस?”

धुरपदाबाईने विचार केला. लग्नात उपाशी बसलेल्या नवरीला राघोकाकांनी सगळ्यांच्या नकळत गुळाचा खडा दिला होता. “भला माणूस व्हता,” ती म्हणाली. “तो ऱ्हाता तर सोताच म्हनता, मारा माले.”

अशा रीतीने राघोकाका शुक्रवारी संध्याकाळी, पाळी सुटायच्या वेळेला, दुसऱ्यांदा वारले.

शनिवारी सकाळी सगळी तयारी झाली होती. डब्यात सांजोऱ्या होत्या, पिशवीत नवी पोपटी साडी होती आणि धुडकूने आदल्या दिवशीच केस-मिशा काळ्या केल्या होत्या. जन्मभर परक्या बायकांच्या साड्या रंगवणाऱ्याने स्वतःला रंग लावायची ही पहिलीच वेळ होती. दोघं निघणार, इतक्यात समोरची मंदाबाई दारवर आली.

मयताच्या घरी दारवर यायचं म्हणजे गल्लीच्या तोंडापासून पदर तोंडाला लावून, मेलेल्याचे गुण गात, रडत यायचं. मंदाबाईचं दार धुरपदाबाईच्या दारासमोरच होतं. पण रीत ती रीत. ती आधी मुकाट गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत चालत गेली, तिथे वळली आणि तिथून रडत आली.

“राघोबाबा वं माय! कसा सोडी गया वं! कितला गुणना माणूस व्हता!”

तिने राघोला कधी पाहिलं नव्हतं. तिने धुरपदाबाईच्या गळ्यात पडून तिला असं घट्ट आवळलं की धुरपदाबाई कळवळून अंग चोरून उभी राहिली. मंदाबाईने डोळे पुसले आणि तिची नजर डब्यावर गेली.

“हाई काय? सांजोऱ्या? सुतकमा गोड लई चालनी? वेडी व्हयनी का?”

डबा मंदाबाईच्या घरी गेला. पाठोपाठ पोपटी साडीही पिशवीतून बाहेर निघाली आणि तिच्या जागी विटकी आली. मग मंदाबाईने धुडकूकडे निरखून पाहिलं.

“भाऊ, मिशा कधी काळ्या कऱ्यात?”

“काल, वहिनी. काल सकाये तो जित्ता व्हता ना.”

मंदाबाईचा नवरा विकास रिक्षा घेऊन उभाच होता. नको नको म्हणत असताना त्याने दोघांना बस स्टँडवर नेलं, नंदुरबारच्या गाडीत बसवलं आणि कंडक्टरला बजावलं, “इनके घर में मौत हुई है. संभाल के ले जाना.” गाडी हलेपर्यंत तो खिडकीखाली हात जोडून उभा होता.

जायचं होतं उभराटच्या समुद्रावर; तो एका दिशेला आणि गाडी दुसऱ्या. बारडोलीला दोघं उतरायला उठली, तर कंडक्टरने धुडकूच्या खांद्याला धरून त्याला परत खाली बसवलं. “बेसी जाओ, काका. नंदुरबार हजु बहु दूर छे.”

“आम्हले आठेच उतरानं शे.”

“दुःखमां माणसने भान नथी रहेतुं,” कंडक्टर सगळ्या गाडीला म्हणाला. गाडीने मान डोलावली. एका बाईने धुरपदाबाईला पाणी पाजलं. शेवटी व्याऱ्याला दोघं लघवीच्या निमित्ताने उतरली आणि उसाच्या रसाच्या गाड्याआड दडून बसली. कंडक्टर भला होता. त्याने बराच वेळ हॉर्न वाजवला, दोन माणसं शोधायला पाठवली आणि गाडी सुटली तेव्हाही तो दारात लोंबकळून मागे पाहत होता.

उभराटला पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. किनाऱ्यावरच्या गेस्ट हाऊसचा मालक नटुभाई पोटाने मोठा आणि मनाने हळवा होता. त्याने सरूच्या झाडांकडे खिडकी असलेली खोली दिली. दोघं तडक वाळूत जाऊन बसली. धुरपदाबाईने पाय पाण्यात सोडले. राखायला आज चपलांचे दोनच जोड होते.

“काय वाटस?” धुडकूने विचारलं.

“काहीच नही वाटत,” ती म्हणाली. “तेच बरं वाटस.”

फोन वाजला. मंदाबाई होती.

“भाऊ, अग्नी कोणी दिधी?”

धुडकूला पटकन दुसरं नाव सुचलं नाही. “मीच दिधी, वहिनी. त्याले मांगे कोण व्हतं?”

“मंग डोकं करं का?”

धुडकूने कालच रंगवलेल्या केसांवरून हात फिरवला. “करस,” तो खोल आवाजात म्हणाला. “सकाये करस.”

भज्यांची बशी घेऊन आलेला नटुभाई मागेच उभा होता. त्याला मराठी चांगलं कळत होतं. त्याने विटक्या साडीतली बाई पाहिली, तिचे ओले डोळे पाहिले, बाईला सोडून पाण्यावरून न हटणारी नवऱ्याची नजर पाहिली आणि मनाशी काय ते ठरवलं. समुद्रावर धंदा करणाऱ्या माणसाला एक भीती कायम असते: पाहुणा पाण्यात चालत जाईल आणि परत येणार नाही.

रविवारी सकाळी दोघं वाळूत येऊन बसली, तर नटुभाई येऊन बरोबर दोघांच्या मधे बसला. “बेन,” तो म्हणाला, “जिंदगी बहु सारी चीज छे.” आणि त्याने आपल्या जिंदगीतल्या दोन दिवाळखोऱ्या, एक अपघात आणि मूतखडा सविस्तर सांगितला. मधेच धुडकू गावातल्या न्हाव्याकडे जाऊन आला. डोकं तुळतुळीत आणि मिशा सफा. त्याला तसा पाहून नटुभाईचा धीर सुटला. त्याने बायकोला बोलावून धुरपदाबाईचा हात हातात धरायला बसवलं आणि स्वतः पाण्याच्या बाजूला उभा राहिला. ज्या चेहऱ्यांना चुकवून ती दोघं इतक्या लांब आली होती, तसलेच दोन चेहरे इथे खोलीबरोबर मिळाले होते.

“समिंदर दिसस का?” धुडकूने नटुभाईच्या पोटापलीकडून विचारलं.

“थोडासा,” धुरपदाबाई म्हणाली.

संध्याकाळी दोघं पांडेसऱ्याला परतली, तर चाळ तयार होती. दाराबाहेर गरम पाण्याची बादली आणि कडुलिंबाचा पाला. आत सतरंजी. मयताच्या घरी देतात तो कडू घास म्हणून शेजारच्या घरून पिठलं-भाकरी आलेली. धुडकूच्या डोक्याला जन्मात मिळाला नव्हता इतका मान मिळाला. मिलचा मुकादमही भेटून गेला. “काका गेले, पण पुतण्याने नाव राखलं,” असं म्हणाला.

बायका धुरपदाबाईभोवती बसल्या आणि वाट पाहू लागल्या. जवळच्या बाईने आधी सूर धरायचा असतो.

धुरपदाबाईने पदर तोंडाला लावला. “राघोकाका...” ती म्हणाली. पुढे काही येईना. तिने खूप प्रयत्न केला. गुळाचा खडा आठवला. तो देतानाचा काकांचा हात आठवला. मग उद्या सोमवार आहे, हे आठवलं. मग मंगळवार.

आणि मग आलं. ते असं आलं की बायका आधी सोबतीने रडल्या, मग समजूत घालू लागल्या आणि मग एकेक करून गप्प झाल्या. योगिता पाण्याचा तांब्या घेऊन तशीच उभी राहिली.

“चुलतसासरासाठे इतलं कोणी रडस का?” कोणीतरी कुजबुजलं.

बायकांच्या दारवरमध्ये पुरुष येत नाही. धुडकू आला. बायकांमधून वाट काढत, गुळगुळीत डोकं खाली घालून, तो बायकोजवळ बसला आणि तिच्या पाठीवर त्याने हात ठेवला. इतक्या वर्षांचे रंग नखांच्या कडांना अजून होते. त्यालाही रडू फुटलं. “पोटना पोरनागत करं यानी काकानं,” सगळ्या म्हणाल्या आणि पदर सावरत उठल्या.

मागे मंदाबाई राहिली. भांडी घासून झाल्यावर तिने धुणं काढायला पिशवी उपडी केली. विटकी साडी पडली आणि तिच्यामागून भसकन मूठभर वाळू फरशीवर सांडली. तिच्यात एक शिंपला होता.

धुरपदाबाई भिंतीला टेकून पाहत राहिली. मंदाबाईनेही पाहिलं. नंदुरबारला समुद्र नाही, हे दोघींनाही माहीत होतं. मंदाबाई उठली, तिने दार लोटलं, केरसुणी घेतली आणि सगळी वाळू मोरीत ढकलली. शिंपला पुसून तिने धुरपदाबाईच्या हातात दिला.

“काल गयामा पडनू, तव्हय तू डावं आंग चोरं,” ती खालच्या आवाजात म्हणाली. “गाठ शे ना? कधी काढतस?”

“मंगळवारे.”

सफरचंदाचं नाव नाही, आतेबहिणीचं नाव नाही. मंदाबाई केरसुणीच्या काड्या सारख्या करत बसली.

“मना पन एक मोठा सासरा शे,” शेवटी ती म्हणाली. “मरीसन मोप वरीस व्हयनात. आठे कोणलेच ठाऊक नही. तू दवाखानामाईन घर ये. मंग त्याले मारसूत.”

धुरपदाबाईने शिंपला मुठीत धरला.

“त्या बारी सांजोऱ्या तू करजो,” ती म्हणाली. “मन्या तुम्ही खाई गयात.”