औशाचा किल्ला आणि माझा सोमवार

"आपल्याच भागात कुणी फिरायला जातं का? लोक काश्मीरला जातात!" नांदेड मागं पडलं तरी स्टेअरिंगवर यांचं पुटपुटणं चालूच.

"औशाचा किल्ला बघितलाय का तुम्ही?"

"शंभरदा!"

"एसटीच्या खिडकीतून!"

यांनी मोकळ्या रस्त्यावर हॉर्न वाजवला. मीही तसाच बघितलेला. माहेर लातूरचं, पण त्या दरवाजाच्या आत कधी पाऊल नाही! म्हणून यंदाची सहल मीच आखली. वाटेत कुणाकडे थांबायचं नाही, दुपारी थेट किल्ला. माझं नियोजन म्हणजे लष्कराची मोहीम!

लोह्याला चहा घेताना यांनी आमचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. मोहीम तिथंच संपली.

अहमदपूरच्या नाक्यावर यांचा मावसभाऊ दयानंद मोटारसायकल आडवी लावून उभा! "वहिनी, घरावरून चालल्या अन् चहा बी न्हाई?"

चहा म्हणजे चुरमुऱ्यांचा सुशीला, भजी, शिरा आणि निघताना खणानारळानं ओटी.

चाकूरला उज्ज्वलावन्सं ताट वाढूनच बसलेल्या. माझं पोट तर लग्नाच्या ट्रंकेसारखं गच्च! शक्कल लढवली.

"वन्सं, आज माझा सोमवार!"

"अगंबाई! मग साबुदाणा भिजत घालते की!"

साबुदाणा कुणाच्या घाईनं भिजत नाही. आम्ही समोर बसून त्याची वाट बघितली. तेवढ्यात यांचं दोनदा जेवण झालं.

औशाला पोचलो तेव्हा उन्हं कललेली. किल्ल्याच्या वाटेवरच यांच्या आत्याचं घर. "नुसतं पाया पडू," हे म्हणाले. मल्लम्मा आत्या दारातच! वन्संचा फोन आमच्या आधी पोचलेला.

"सोमवार धरलास म्हनं! मग माज्याच हातानं सोडायचा. पुरण शिजाया टाकलंय!"

मी यांच्याकडे बघितलं. हे पंख्याकडे बघू लागले. पंखा बंद होता.

पदर खोचून पुरण वाटायला बसले. खिडकीतून किल्ल्याचा बुरूज दिसत होता, सूर्य त्याच्यामागं उतरत होता. मी इकडं वरवंटा ओढतेय, तो तिकडं बुडतोय! आणि गूळ बरोबर पडलाय का म्हणून मी सवयीनं बोट चाटलं.

"आगं, उपास हाय न्हवं तुजा?"

झालं! "नाही हो आत्या," माझ्या तोंडून निघून गेलं. "उपवासबिपवास काही नाही. किल्ला बघायचा होता!"

यांनी डोळे मिटून घेतले. आत्यांनी हातातलं लाटणं खाली ठेवलं.

"मग आल्या आल्या सांगायचं की! लगीन होऊन औशात आले तवापास्नं त्यो किल्ला मी ह्याच खिडकीतनं बघतीया. आज शेजारनीसंग जायाचं ठरलं हुतं. चप्पल घातली अन् तुज्या वन्संचा फोन! दर खेपेला मेलं आसंच! निघालं की कुनीतरी पावना येतंच!"