आप्पांनी नवा गोऱ्हा जुंपला

संगणकाच्या पाठीवर दोन थापा मारून "चल रे ढवळ्या" म्हटल्याशिवाय आमच्या महालिंगआप्पांनी कधी बटण दाबलं नाही. एकदा साहेबांनी थापा न मारता बटण दाबलं, तर जिंतुरापर्यंतची लाईट गेली. खोटं वाटत असेल तर जिंतुरात विचारा.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. येलदरी धरणाच्या पाण्यावर चालणाऱ्या आमच्या पाटबंधारे ऑफिसात आप्पा हेडक्लार्क आणि मी त्यांच्या हाताखालचा कारकून. कोणत्या गावच्या पाटाला पाणी कधी सोडायचं, त्याचा तक्ता संगणकावर व्हायचा. तक्त्याचा तो प्रोग्राम जुना, काळ्या पडद्यावर हिरवे आकडे. कुठलं बटण कशाबरोबर दाबायचं हे साऱ्या जगात दोनच माणसांना ठाऊक होतं: ज्यानं तो बनवला त्याला, आणि आप्पांना. पहिला आता विसरला असावा, असं आप्पांचं मत.

त्यामुळं आप्पा नसले की ऑफिस आडवं पडायचं. तक्ता अडला की साहेब त्यांना आणायला जीप धाडायचे. बोरीला सख्ख्या पुतण्याच्या लग्नात आप्पा अक्षता घेऊन उभे होते, जीप पोचली. त्यांनी अक्षता शेजारच्या पाहुण्याच्या मुठीत कोंबल्या, "माझ्या वाटच्या तूच टाक" म्हणाले आणि जीपमध्ये बसले. पोखर्णीला नरसिंहाच्या रांगेत देवासमोर तिसरा नंबर असताना निघून आले. देवाला सांगून आलो, म्हणाले, त्याचं तक्त्यावाचून अडत न्हाई. अशा वेळी त्यांची छाती इतकी फुगायची की जीपचं दार लागत नसे. ड्रायव्हर दोरीनं बांधायचा.

मग वरून पत्र आलं. त्या प्रोग्रामची नवी आवृत्ती निघाली आहे, रंगीत आहे, सोपी आहे. हवी की नको ते आठ दिवसांत कळवा. सोबत बघण्यापुरत्या सहा फ्लॉप्या. साहेबांनी पत्र वाचलं आणि आप्पांकडं सरकवलं. निर्णय तुमचा, म्हणाले.

उत्तर काय येणार हे आम्हाला शिपायापासून साहेबापर्यंत माहीत होतं. आप्पांच्या निवृत्तीला तीन वर्षं. नवा आला की त्यांची तीस बटणांची विद्या पाण्यात, आणि ते आमच्यासारखेच एक. जीप बंद. छाती बंद.

पण आप्पांचा एक उसूल होता. "दात बघितल्याबिगर जनावर घ्यायचं न्हाई, अन् माघारी बी धाडायचं न्हाई."

आप्पा कारकून झाले तरी जन्मले गोठ्यात. त्यांनी सहा फ्लॉप्या टेबलावर मांडल्या, एकेक उचलून उजेडात धरली, वास घेतला. "सहादाती हाय," म्हणाले. "उमरीनं बरा हाय." मग गावाकडं नव्या गोऱ्ह्याला करतात तेच केलं: जुन्या बैलाशेजारी जुंपला. सकाळी जुन्या प्रोग्रामात आकडे भरायचे, दुपारी तेच आकडे नव्यात, संध्याकाळी दोन्ही तक्ते एकावर एक ठेवून खिडकीला लावायचे. आठ दिवस. जो मागं पडेल तो बाद.

पहिल्या दिवशी आप्पांचं माऊसशी वाकडं आलं. त्यांनी वायर धरली आणि पिळली. टंकलेखनाच्या सुमनबाईंनी विचारलं, आप्पा, काय करायलाव?

"शेपूट पिळायलो. पुढं सरकंना गेलंय."

बाई हसून हसून खुर्चीवरून घसरल्या. उठल्या आणि माऊस हातात घेतला. तासाभरात बाईंना पाच गावांचा तक्ता आला, संध्याकाळपर्यंत शिपायाला दोन. आप्पांचा बाण मात्र पडद्याच्या कोपऱ्यात जाऊन बसला होता, तो दोन दिवस बाहेर निघाला नाही.

चौथ्या दिवशी फरक सापडला. जुना म्हणे बोरीला मंगळवारी पाणी, नवा म्हणे बुधवारी. घरात नातू झाल्यासारखा आप्पांचा चेहरा उजळला. मी म्हटलं, झालं, लिहून टाका, गोऱ्हा खोडकर निघाला. आप्पा "सबूर" म्हणाले आणि पुन्हा आकडे लावत बसले. अर्ध्या तासानं स्वतःच उठून सगळ्यांना सांगितलं की नव्यात भरताना एक आकडा त्यांच्याच हातून चुकला होता. त्यांनी सांगितलं नसतं तर ब्रह्मदेवालाही कळलं नसतं.

आठव्या दिवशी त्यांनी पत्रावर शेरा लिहिला. मी खांद्यावरून वाचला आणि पुन्हा वाचला. "नवा घ्यावा."

"आप्पा, हे तुमच्या हातानं तुमची जीप बंद करायलाव," मी म्हटलं.

आप्पांनी पेनाचं टोपण लावलं. "दत्ता, मागल्या साली तू मला न्यायला परभणीच्या दवाखान्यात आलता."

आलो होतो. काकूंचं, म्हणजे आप्पांच्या मंडळींचं, ऑपरेशन होतं, त्यांना आत नेलेलं. मी दारातून म्हटलं होतं, आप्पा, तक्ता अडकलाय. आणि ते ताठ मानेनं माझ्या पुढं चालत जीपमध्ये बसले होते. ड्रायव्हरला तेव्हाही दार दोरीनं बांधावं लागलं होतं.

"ती शुद्धीवर आली तवा मी हितं आकडे नीट करायलो व्हतो," आप्पा म्हणाले. "डोळे उघडले अन् तिनं माझं नाव घेतलं. नर्स सांगायली व्हती, तीनदा घेतलं म्हणून."

मी पत्राची घडी घालून पाकिटात सरकवलं.

"तिनं कधी बोलून दाखवलं न्हाई," ते म्हणाले. "लय लवकर शिकल्या की सुमनबाई. लय बरं झालं."

नवा प्रोग्राम बसला. त्याच महिन्यात आप्पांनी नोकरीतली पहिली लांब रजा टाकली आणि काकूंना घेऊन त्यांच्या माहेरी गेले. चौथ्या दिवशी ऑफिसात फोन वाजला.

"दत्ता, काही अडलंय का?"

मी सुमनबाईंकडं पाहिलं. त्या एका हातानं तक्ता करत होत्या, दुसऱ्या हातानं शेंगा खात होत्या. खोटं बोलायची मला हयातभराची सवय. त्या दिवशी 'अडलंय' म्हणायला जीभच वळली नाही.

"न्हाई आप्पा. काहीच अडलं न्हाई."

पलीकडं लाईन खरखरत होती. मग त्या खरखरीतून काकूंचा आवाज आला, भाकरी निवायलीय म्हणून.

"बरं मग, ठेवतो," आप्पा म्हणाले. "ही वाट बघायलीय."