वाळवंटातलं कुठलंही चालेल

जिथे प्यायला पाणी नाही आणि टेकायला सावली नाही, अशा ठिकाणी माणसाने मोठमोठी शहरं का वसवली, याचं समाधानकारक उत्तर इतिहासाने अजून दिलेलं नाही. मात्र ती सगळी शहरं चार दिवसांच्या रजेत बघून होत नाहीत, हे पूर्णपणे सिद्ध झालेलं आहे. म्हणून निवड करावी लागते. ती कशी करावी, याची एक अत्यंत शिस्तबद्ध पद्धत आमच्या घराने वर्षानुवर्षांच्या अनुभवातून विकसित केली आहे. तिचा लाभ इतर कुटुंबांनाही व्हावा, एवढाच या लेखनाचा हेतू.

आधी आमचा परिचय. आमचे हे वजनमापे खात्यात निरीक्षक आहेत. दुकानादुकानांतून तराजू तपासायचे आणि खरा निघेल त्यावर शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. (ते आले की दुकानदार उठून उभे राहतात. घरात कुणी उभं राहत नाही, याची त्यांना खंत आहे, तक्रार नाही.) सासूबाई निवृत्त आहेत. कशातून, ते विचारू नये, कारण घरातलं काम त्या पूर्वीइतकंच करतात. लेकीला नुकतीच फार लांब नोकरी लागली आहे. आणि मी पडदे शिवते. शिकवलं कुणी नाही. घरातला चांगला पडदा उसवून बघितला आणि परत शिवला, तेवढंच माझं शिक्षण. तो पडदा अजून एका बाजूने आखूड आहे.

नोकरीवर रुजू व्हायच्या आधी चौघांनी एकदा कुठेतरी जाऊन यावं, असं लेकीने काढलं.

"वाळवंटाकडे जाऊ," ती म्हणाली. "तिकडे जुनी जुनी शहरं आहेत. त्यातलं कुठलं, ते तुम्ही ठरवा. मला काय, कुठेही चालेल."

इथून कामकाजाला रीतसर सुरुवात झाली.

आमच्याकडे सगळे निर्णय सर्वानुमते होतात. सर्वानुमते म्हणजे ज्यात कुणाचंच मत नाही असे. नियम सोपे आहेत. आपल्याला काय हवं ते सांगायचं नाही, तो अप्पलपोटेपणा. दुसऱ्याला काय हवं असेल ते ओळखायचं आणि त्याच्या वतीने मागायचं, हे प्रेम. ओळखणाऱ्याचं चुकलं तरी दुसऱ्याने "छान" म्हणायचं, हे संस्कार. याच पद्धतीने आम्ही आमचा सोफा घेतला, भिंतींना रंग दिला आणि लेकीची शाळा निवडली. एकदाही भांडण झालं नाही. (सोफ्यावर कुणी बसत नाही.)

खरं तर या पद्धतीतला धोका मला धंद्यामुळे कळायला हवा होता. माझ्याकडे येणारी बाई कापडाच्या ताक्यांवरून हात फिरवते आणि म्हणते, "रंग कुठलाही चालेल हो, तुम्हीच बघा." मी बघते, मापं घेते, अस्तर लावते, चुण्या घालते, रिंगा ओवते. मग एका दुपारी तीच बाई गुंडाळी काखेत मारून दारात हजर. "तसा छान झालाय, पण…" माझ्या निरीक्षणानुसार "कुठलाही चालेल" म्हणणाऱ्यांपैकी शंभरातल्या शंभरांच्या मनात एक रंग ठरलेला असतो. अशा बायकांची मी भरपूर चेष्टा केली आहे. शिलाई मशीनवर बसून केली आहे. तेव्हा समोरच्या भिंतीवर काय टांगलेलं होतं, ते पुढे सांगते.

बैठक रविवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी भरली. यांनी निकष जाहीर केले: इतिहास, ऊन, चालणं आणि स्वच्छतागृह. शेवटच्याला दुप्पट वजन. "प्रत्येकाने अगदी मोकळेपणाने बोलायचं," असं सांगून ते सगळ्यांकडे तराजू तपासायच्या नजरेने बघत बसले.

"किल्ल्याचं शहर घेऊ," लेक म्हणाली. "बाबांना किल्ले आवडतात."

"आवडतातच," हे म्हणाले.

(यांना उंचीची भीती वाटते. लेक लहान असताना तिने पुठ्ठ्याच्या खोक्यांचा एक किल्ला केला होता. तो बघून हे म्हणाले, "वा! किल्ला असावा तर असा." तेव्हापासून दर वाढदिवसाला यांना किल्ला मिळतो. कधी चित्रातला, कधी चहाच्या कपावरचा. एकदा उशीवरचा आला. त्या उशीवर हे झोपतात.)

"माझं म्हणाल तर बाजाराचं शहर," हे म्हणाले. "हिला बरं वाटेल. गल्ल्याच्या गल्ल्या नुसत्या कापडाच्या आहेत."

"अय्या, हो?" मी म्हटलं. बस चालवणाऱ्याला सुट्टीच्या दिवशी बसमधून फिरवून आणावं, त्यातला हा प्रकार. पण यांचा चेहरा इतका खुलला होता की मी आणखी एकदा "अय्या" म्हटलं.

सासूबाईंनी घुमटांचं शहर सुचवलं. "पोरीला फोटो काढायला आवडतात ना." (पोरगी फोटो काढते, कारण आजी दर दहा पावलांवर "काढ की गं एक" म्हणते.)

मग माझी पाळी. मी फाट्यावरचं गाव सुचवलं. या सगळ्या शहरांचे रस्ते जिथून फुटतात, ते गाव. ऐतिहासिक म्हणावं तर तिथे मिठाचं एक जुनं कोठार आहे. पण जमीन सपाट, एकही पायरी नाही.

"आईंचे गुडघे," मी म्हटलं.

"हो बाई, गुडघे," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी स्वतःच्या गुडघ्यांकडे असं बघितलं, जसं काही ते कुणीतरी त्यांच्याकडे ठेवायला दिले आहेत.

आता भिंतीवरचं. माझ्या मशीनसमोर एक जुनं कॅलेंडर आहे. त्यातलं वर्ष केव्हाच संपलं. त्यावर मातीच्या एका शहराचं चित्र आहे. सगळी घरं एकाच ताक्यातून कापल्यासारखी, एकमेकांना चिकटलेली. त्यातल्या एका खिडकीतून एक पडदा वाऱ्याने पार बाहेर आलेला आहे. एवढ्या वाऱ्यात तो सुटून का जात नाही, कशात अडकवलाय, आतून दुहेरी शिवण घातली असेल का, हे मला त्या शहरात जाऊन, त्या खिडकीखाली उभं राहून बघायचं आहे. बाकी आयुष्याकडून माझं फारसं मागणं नाही. कॅलेंडर तिथे का आहे, याबद्दल घरच्यांची समजूत अशी की, भिंतीचा पोपडा झाकायला. पोपडा आहे, हेही खरं.

तर मी म्हटलं, "एक मातीचंही शहर आहे म्हणे."

आमच्या घरात जे मनापासून हवं असतं, त्याला "म्हणे" लावायची रीत आहे.

"तिथे बघण्यासारखं काय आहे?" यांनी विचारलं.

"तसं काही नाही. माती."

"स्वच्छतागृह?"

"काय माहीत."

यांनी मान हलवली, आणि मातीचं शहर स्पर्धेतून बाद झालं. माझ्या एकुलत्या एक इच्छेचा निकाल असा चुटकीसरशी लागला, आणि तिच्याविरुद्ध साक्ष देणारी मीच. सरकारी कचेऱ्यांनी शिकावी अशी ही कार्यक्षमता.

उरलेल्या चार ठिकाणांना एकेक मत पडलं होतं. बरोबरी. तेव्हा ज्याच्याविरुद्ध सर्वांत कमी हरकती ते मंजूर, असा तोडगा यांनी काढला. किल्ल्याला चढ होता, बाजारात गर्दी, घुमटांना ऊन. फाट्यावरच्या गावाला एकही हरकत आली नाही, कारण तिथे कुणालाच जायचं नव्हतं. माणसाचा ज्यात जीव गुंततो, त्यातच तो खोडी काढतो. यांनी टेबलावर मूठ आपटून शिक्का मारल्यासारखं केलं.

"छान झालं," सगळे म्हणाले.

मिठाचं कोठार ही एक लांबलचक खोली आहे. रखवालदाराने कुलूप काढलं आणि म्हणाला, "इथे पूर्वी मीठ ठेवत."

"आणि आता?" यांनी विचारलं.

"आता नाही ठेवत."

पहिल्या दिवशी आम्ही ते बघितलं. दुसऱ्या दिवशी निवांत बघितलं. दुसऱ्या दिवसाच्या संध्याकाळपर्यंत "छान" या शब्दाचा आमचा वापर नेहमीच्या वार्षिक सरासरीच्या वर गेला होता. राहण्याची खोली स्वच्छ होती. स्वच्छतागृह इतकं उत्तम की हे दर वेळी बाहेर येऊन आमच्याकडे अपेक्षेने बघत. खोलीच्या गॅलरीतून बसचा थांबा दिसायचा. सकाळी चारी दिशांच्या बसगाड्या निघायच्या आणि आम्ही ओळीने खुर्च्या टाकून इतर लोक कुठे कुठे जातात ते बघायचो. मातीच्या शहराची बस अर्धी रिकामी जायची. मी तिला हात केला नाही, एवढाच काय तो संयम.

तिसऱ्या दिवशी दुपार कलायला लागल्यावर लेकीने एक टॅक्सी थांबवली. उद्या सकाळी परतीची गाडी होती. आम्ही चौघं आत बसलो. चालकाने आरशातून विचारलं, "कुठे घेऊ?"

"कुठेही चालेल," आम्ही म्हटलं. चौघांनी, एका सुरात. शाळेत कविता म्हणतात तसं.

त्याने इंजिन बंद केलं आणि मागे वळला.

"असं गाव नाही इकडे," तो म्हणाला. "कुणीतरी एकाने सांगा. गाडी एकच आहे माझ्याकडे."

हे लेकीकडे बघत होते, लेक आजीकडे, आजी माझ्याकडे. माझ्या पलीकडे बघायला कुणी नव्हतं, नुसतं दार होतं.

"मातीच्या शहरात," मी म्हटलं. "म्हणे" न लावता. आवाज मलाच अनोळखी वाटला.

चालकाने जीभ चावली. "सकाळी बोलायचं ना, ताई! सूर्य बुडाला की तिथलं मोठं दार लावतात. आता कुठलं पोचतोय आपण."

"अगं, मग आधी सांगायचं नाहीस का?" हे म्हणाले.

"तुम्ही स्वच्छतागृह विचारलंत."

"आई, तुला तिकडे जायचं होतं?" लेक पुढच्या सीटवरून पूर्ण वळली. "मग इथे मिठाच्या खोलीत आपण कुणासाठी आलो?"

"आजीच्या गुडघ्यांसाठी."

"का? माझ्या गुडघ्यांना काय धाड भरलीय?" सासूबाई म्हणाल्या. "रोज गच्चीवर कपडे कोण वाळत घालतं? तीन जिने, हातात भरलेली बादली."

आमचे कपडे वाळतात, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. (कसे वाळतात, या प्रश्नात आम्ही कधी खोल गेलो नव्हतो.)

"एकदा दुखला होता उजवा," सासूबाईंचा आवाज जरा खाली आला. "सूनबाईने धावत जाऊन तेल आणलं. रोज चोळून द्यायला लागली. मग दुखायचा थांबला, असं कोणत्या तोंडाने सांगू? बरं वाटायचं चोळलेलं."

मी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

"आता बोलणंच निघालंय तर," यांनी घसा साफ केला, "मला किल्ले आवडत नाहीत."

"बाबा!"

"उशी चांगली आहे," ते घाईघाईने म्हणाले. "उशीबद्दल माझी हरकत नाही."

"तुमचं झालं असेल तर," चालक म्हणाला, "वाटेत एक वळण आहे. तिथून लांबून दिसतं ते. आत नाही जाता येणार. तेवढं चालेल?"

"चालेल," मी म्हटलं. आजवर हा शब्द मी किती वेळा उच्चारला असेल कोण जाणे. खरा म्हणून हा पहिलाच.

वळणावर वाळूचा एक उंचवटा होता. सासूबाई चपला हातात घेऊन सगळ्यांच्या आधी वर पोचल्या. हे निम्म्यावर थांबले. त्यांच्या हिशेबाने तोच कडा. वरून दिसलं ते अंगठ्याच्या नखाएवढं होतं. तपकिरी जमिनीवर तपकिरी काहीतरी, त्यावर शेवटचं ऊन. खिडक्या दिसत नव्हत्या. पडद्याचा तर प्रश्नच नव्हता.

"आई, फोटो काढू?" लेकीने विचारलं.

"नको गं. इथे ये नुसती."

ती आली आणि माझ्या खांद्यावर हनुवटी ठेवून बघत राहिली, काय बघायचं ते न कळून. माझ्या डोळ्यांत वाळू गेली. (वारा पडलेला होता.) अंधार झाला तसं ते शहर जमिनीत मिसळून गेलं, आणि आम्ही खाली उतरलो.

पुढच्या महिन्यात लेक गेली. चौघांची रजा आता पुन्हा कधी जुळते ते बघायचं.

यावर तुम्ही म्हणाल, काय हे लोक, एवढं साधं तोंड उघडायला काय झालं होतं? बरोबर आहे तुमचं. तुम्ही समजूतदार आहात, म्हणून तर सांगितलं. फक्त एक विचारायचं होतं. हे वाचता वाचता मघाशी घरातलं कुणीतरी येऊन म्हणालं, "जरा बाहेर जाऊन येऊया का कुठेतरी?" आणि तुम्ही मान वर न करता म्हणालात, "तू म्हणशील तिथे." ते माणूस तुमचं मत विचारत नव्हतं हो. त्याचं ठिकाण ठरलेलं होतं. बघा जरा मान वर करून, अजून दारातच उभं असेल.